चुलवाणातली सळी

गणपती गुळव्याचं आंग म्हणजे अख्ख्या गुऱ्हाळाची पाटी होती. लांबनं मोटारसायकलवरून जाणाऱ्यालासुद्धा काहिलीच्या, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईच्या, कडंला बसलेला तो ढिगारा दिसायचा आणि गुऱ्हाळ चालू झालं हे कळायचं. मार्केट यार्डातला व्यापारी गूळ बघायला आला की आधी गणपतीकडं बघायचा.

"मालक, गुळव्या असा पाहिजे. नुसता बघितला तरी तोंड गोड होतंय."

मालक म्हणजे अमरसिंह. बापामागं गुऱ्हाळ सांभाळणारा, वयानं गणपतीपेक्षा बराच धाकटा. तो हसायचा आणि म्हणायचा, "आमच्या रसातली निम्मी साखर अण्णांच्या आंगात हाय."

गणपतीला हे आवडायचं. आमच्या भागात कुणाला जाडा म्हणत नाहीत. तब्येत धरली म्हणतात. लग्नात गणपती असा वाळका होता की पाहुण्यांनी "नवरदेव कुठाय?" म्हणून त्यालाच विचारलं होतं. तेव्हा तो रस काढल्यावर उरलेली चिपाडं वाहायचा. पुढं काहिलीवर बसायला लागला आणि आंगाला लागलं. सकाळी काकवी-भाकरी, दुपारी काहिलीच्या काठाची ऊनऊन खरवड मूठभर शेंगदाण्याबरोबर, मधी रसाचा तांब्या, आणि दिवस बुडाला की शीण घालवायला थोडीशी. मान कुठं संपती आणि खांदा कुठं सुरू होतो हे कुणाला सांगता आलं नसतं. उकिडवं बसणं जमेना तेव्हा मालकानं प्लॅस्टिकची खुर्ची दिली. ती मोडली. मग गावातल्या वेल्डरकडनं जाड अँगलची खुर्ची करून घेतली, हातांची, पाठीची, ऐसपैस. गडी तिला गादी म्हणायचे.

ज्यानं गुऱ्हाळ बघितलं नाही त्याला गुळव्या म्हणजे काय हे सांगायला पाहिजे. उसाचा रस काहिलीत उकळतो, मळी काढत काढत आटतो आणि एका घटकेला त्याचा गूळ होतो. ती घटका ओळखणारा तो गुळव्या. एक उकळी अलीकडं राहिली तर गूळ पाघळतो, एक पलीकडं गेली तर करपतो. गुळव्यानं पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटात घोळायचा आणि ओरडायचं, "जाळ वडा!" मग काहिलीखालच्या चुलवाणात, खड्ड्यात बसलेल्या माणसानं लांब लोखंडी सळीनं जळतं चिपाड बाहेर ओढायचं. खालच्याला काहिलीतलं काही दिसत नाही. त्याला वरनं येणाऱ्या आवाजावरच चालावं लागतं.

गणपतीच्या खाली सातापा होता. दोघांनी एकदमच चिपाडं वाहिली होती, एका ताटात जेवले होते. पुढं एक वर गेला, एक खाली राहिला. सातापा काटकुळा, धुरानं डोळे लाल, बोलायला कमी. दोघांत भांडण असं कधी नव्हतं. फक्त गणपतीचा एक नियम होता, तो त्याला त्याच्या वस्तादानं घालून दिलेला. खालच्यानं वरचं बोलायचं नाही. जाळ किती ते खालच्याला विचारावं, पाक किती ते नाही.

सातापाला एक खोड होती. गेल्या दोन हंगामांत ती लागली होती. काम करता करता मधीच तो सळी चुलवाणाच्या दगडावर हाणायचा. खण्ण! असा आवाज व्हायचा की काहिलीवरचा माणूस दचकावा.

"का रं ठोकायलास?" गणपती वरनं खेकसायचा.

"राख झाडली."

"राख झाडतोयस का देवळातली घंटा वाजवतोयस?"

गडी खाली मान घालून हसायचे. गणपतीला वाटायचं, आपल्या बोलण्याला हसले.

झोपेचं म्हणाल तर गणपतीइतका सुखी माणूस पंचक्रोशीत नव्हता, असं सगळेच म्हणायचे. एसटीत बसला की झोप, न्हाव्याच्या खुर्चीत झोप, ग्रामसभेत सरपंच बोलायला उभा राहिला की झोप. वऱ्हाडाच्या टेंपोत तो घोरायला लागला की पोरं म्हणायची, "डायवर, हॉर्न वाजवू नको, अण्णा हाईत." झुंबरबाईला, त्याच्या बायकोला, बायका पाण्यावर विचारायच्या, "तुला झोप तरी लागती का गं?" ती हंडा उचलून चालू लागायची. तिच्या डोळ्यांखाली काळं आलेलं होतं, पण कष्टाच्या बाईच्या डोळ्यांखाली काळं येणारच, त्याची कोण चौकशी करतंय?

सकाळी उठलं की गणपतीचं डोकं घणासारखं ठोकायचं. तोंड चिपाडासारखं कोरडं. रात्री लघवीला उठून उठून जीव मेटाकुटीला यायचा. रक्तदाबाची गोळी चालू झाली होती. त्याचं म्हणणं एकच, काहिलीची धग. त्या हंगामात एकदा त्याची टोपी काहिलीत पडली. वारं आलं, म्हणाला. त्या दिवशी चिपाडाचं पातंसुद्धा हललं नव्हतं. गड्यांनी टोपी झाऱ्यानं काढली, आणि पुढं महिनाभर कुणी गूळ चाखला की दुसरा विचारायचा, "टोपीचा वास येतोय का रं?"

त्यानंतर चार दिवसांनी ते झालं.

दुपारची वेळ. मालक स्वतः गुऱ्हाळावर होता, कारण यार्डातला व्यापारी आदण बघायला आलेला. एक आदण म्हणजे एक काहील भरून रस. पाक जवळ आला होता, फेस जाऊन बुडबुडे जाड व्हायला लागले होते. गणपती गादीवर बसून बघत होता. बघत होता, असं तो अजून सांगतो. मग करपट वास आला. कुणीतरी ओरडलं. गणपतीनं डोळं उघडलं, म्हणजे ते मिटलेले होते तर, आणि समोर काहिलीत काळं डांबर खदखदत होतं.

"जाळ वडा! जाळ वडा, सातापा!"

सातापानं जाळ ओढला. काहीच उपयोग नव्हता. व्यापाऱ्यानं नाकाला रुमाल लावला.

गणपती खड्ड्याच्या तोंडाशी गेला. "मुडद्या, जाळ इतका कशाला लावलास? माझं आदण घालवलंस!"

सातापा खड्ड्यातनं वर आला. हातात सळी तशीच. तो गणपतीकडं बघत नव्हता, मालकाकडं बघत होता.

"मालक, आज म्या सळी वाजवली न्हाय."

"म्हंजे?"

"दोन हंगाम वाजवतोय. अण्णाचा डोळा लागला, घोरणं आलं, की हाणायची. आज हाणली न्हाय."

गणपतीनं गड्यांकडं बघितलं. एकजण चिपाडाची मोळी बांधायला लागला, बांधलेलीच मोळी. एकानं तोंड फिरवलं. कुणाच्याच चेहऱ्यावर नवल नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. टोपी वाऱ्यानं पडली असं तो सांगत होता तेव्हासुद्धा.

"मला कधी सांगितलंस?" गणपतीचा आवाज फाटला.

"सांगाया आलतो. संक्रांतीला. वर तोंड करून म्हनलं, अण्णा, तुला झोप येतीया. काय म्हनलास?"

गणपतीला आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला होता, खालच्यानं वरचं बोलू नये.

"टोपी पडली तवा वाटलं, उद्या ह्योच पडंल काहिलीत. मालकास्नी सांगितलं, मालक म्हनले, अण्णांवर काय बी बोलू नगं. मग म्हनलं, डोळ्यानंच बघू द्या."

"आदण जाळून दाखवलंस?"

"तू जळण्यापेक्षा आदण जळल्यालं बरं."

बोलणं खरं होतं का खोटं, त्याचा विचार करायची गणपतीची ताकद नव्हती. त्याला एवढंच दिसत होतं, की ज्याच्या ताटातली भाकरी आपण मोडून खाल्ली, त्यानं व्यापारी आणि मालक दोघं हजर असलेला दिवस निवडला होता. अमरसिंह म्हणाला, "अण्णा, घरला जावा. झोप काढा." ते ऐकून पहिल्यांदा गडी मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी गादी रिकामी होती, आणि काहिलीच्या कडंला उकिडवा बसून पाक बघत होता सातापा.

गणपतीला ही बातमी कळली तेव्हा त्यानं घरात जेवणाची पितळी भिरकावली. "बघ! कळलं का आता? त्येला माझी जागा पायजे हुती. म्या झोपतोय म्हनं! म्या, काहिलीवर!"

झुंबरबाई पितळी उचलत होती. ती उचलता उचलता म्हणाली, "आवं, झोपता की."

"तू बी?"

"काहिलीवरचं मला काय ठावं? घरातलं ठावं हाय." तिनं पितळी जाग्यावर ठेवली. "घोरता घोरता तुमचा श्वास बंद पडतोय. एकदम गप. पोट नुसतं वरखाली हुतंय, पण वारं आत जात न्हाय. मग म्या बरगडीत बोट खुपसते, तवा भसकन श्वास येतोय. सारी रात हेच. मला काय हौस हाय जागायची?"

गणपती खाली बसला. बायको रात्री कोपर, बोट खुपसती हे त्याला माहीत होतं. त्याला वाटायचं, हिला झोप नाही, म्हणून दुसऱ्याची बघवत नाही.

"किती वर्सं?"

"थोरलीच्या लग्नाच्या आधीपासनं."

"आन् बोलली न्हाईस?"

"बोलले की. तुमी म्हनलासा, बाई जात, ध्यान धरून बसती, मरणाची वाट बघती का माझ्या. मग बोलायचं सोडलं, बोट खुपसायचं सोडलं न्हाय."

असा माणूस एका आठवड्यात दोनदा उघडा पडला. खाली एकजण सळी घेऊन, शेजारी एकजण बोट घेऊन. त्याच्या झोपेवर दोन राखणदार होते आणि झोपणाऱ्याला पत्ता नव्हता. सगळ्या जगानं संगनमत करून आपल्याला फसवलं, असंच त्याला वाटलं.

झुंबरबाईनंच त्याला कोल्हापूरला नेलं, राजारामपुरीतल्या अदिती मॅडमच्या दवाखान्यात. तो कशाला यायचा? ती म्हणाली, "चला, आन् सर्टिफिकेट आणा की तुमी झोपत न्हाय म्हणून. मालकाच्या तोंडावर मारा." ह्या एका गोष्टीवर तो तयार झाला. गाडीत बसल्या बसल्या घोरायला लागला.

डॉक्टरीण तरुण होती, शिवाजी पेठेतली, बोलायला खणखणीत. तिनं आधी टेप घेऊन त्याची मान मोजली. गणपतीला राग आला. बैलाची मापं घ्यावीत तशी मापं.

"झोप डोळ्यात आसती का मानंत?" तो म्हणाला.

"काका, श्वास मानेतनंच जातोय न्हवं? आ करा." तिनं बॅटरी मारली. "हितं बघा, जागाच नाही. चरबी नुसती पोटावर साठत नाही. गळ्यात, जिभेत पण साठती. जागेपणी स्नायू ती वाट उघडी धरतात. झोपला की स्नायू सैल, जीभ मागं, आणि वाट बंद. छाती ओढती, पण वारं येत नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू घाबरून तुम्हाला उठवतो, इतकं थोडं की तुम्हाला कळतसुद्धा नाही. श्वास आला की परत झोप, परत बंद. रातभर हेच."

गणपतीनं गळ्यावरनं हात फिरवला. मग म्हणाला, "म्हंजे धुराडं कोंडलं."

"काय?"

"चुलवाणाचं धुराडं काजळीनं कोंडलं तर खाली कितीबी चिपाड सारा, जाळ धरत न्हाय. धूर उलटा तोंडावर."

"अगदी. आणि तुमच्या तोंडावर आलेला धूर म्हणजे सकाळचं डोकं, रक्तदाब, रात्रीची लघवी. दिवसा बसल्या जागी झोप."

रात्री घरी बांधायला तिनं एक यंत्र दिलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकात नळी. दुसऱ्या दिवशी तिनं कॉम्प्युटरवर रेघा दाखवल्या. डोंगर, डोंगर, मग सपाट. डोंगर, मग सपाट. "प्रत्येक सपाटी म्हणजे बंद पडलेला श्वास. तासाला चाळीसच्या वर." झुंबरबाईनं ती सपाटी बघितली आणि पदर तोंडाला लावला. तिला त्या रेघा पाठ होत्या. कागदावर पहिल्यांदा बघत होती, एवढंच.

"समदी जाडी माणसं अशीच मरत्यात का?" गणपतीनं विचारलं.

"नाही. जाड असून नीट झोपणारे आहेत, आणि वाळक्यांना पण होतंय हे. जबडा लहान असला, टॉन्सिल मोठ्या असल्या तर. पण वजन वाढलं की धोका वाढतो हे पक्कं. आणि ह्यात एक पेच आहे. झोप मोडली की भूक खवळती, गोड खावंसं वाटतं, चालायची ताकद राहत नाही. म्हणजे वजनानं झोप मोडती आणि मोडलेल्या झोपेनं वजन वाढतं."

"ते शीण घालवाय थोडी घेत्यात," झुंबरबाई मधीच म्हणाली.

"ती आधी बंद. दारूनं गळा आणखी सैल पडतो."

गणपतीनं बायकोकडं असं बघितलं की जणू तिनंही व्यापाऱ्यादेखत आदण जाळलं.

शेवटी डॉक्टरनं मास्क दिला. नाकावर बसवायचा, एका डबीतनं नळीवाटे हवा येती आणि ती गळ्याची वाट फुगवून उघडी धरती. गणपतीनं त्याला सोंड नाव दिलं. पहिले काही दिवस तो झोपेत ओढून फेकायचा. झुंबरबाई परत बसवायची. मग एक सकाळ अशी उजाडली की तो उठला आणि डोकं दुखत नव्हतं. नुसतं नव्हतंच दुखत. तो अंगणात जाऊन उभा राहिला. शेजारच्या परसातला कोंबडा, नळाचं पाणी, लांबचा ट्रॅक्टर, सगळं कसं जवळ आल्यासारखं ऐकू येत होतं.

कुणाला वाटंल, तो खूश झाला. त्याला भयंकर राग आला. एवढी वर्षं जे आंग त्यानं काकवीनं, तुपानं पोसलं, ज्याला लोकांनी तब्येत म्हणून नावाजलं, त्याच आंगानं आतनं त्याचा गळा दाबला होता. सातापा परका, बायको दुसऱ्याच्या घरची. पण हे तर आपलं स्वतःचं. त्यानं पोटावर एक थापट मारली. "भाड्या, तू बी?"

डॉक्टरनं सांगितलं होतं, मास्क म्हणजे कुबडी, वजन उतरवणं हाच खरा इलाज, थोडं जरी उतरलं तरी गळ्याला फरक पडतो. गणपतीनं काकवी सोडली, खरवड तर आता मिळतच नव्हती. पाऊसकाळाभर तो बांधाबांधानं चालायचा. गावानं थट्टा केली. "अण्णा वाळले, गुळाचा भाव पडणार." कापडं ढिली झाली. मान परत मानेसारखी दिसायला लागली. घोरणं कमी झालं. फक्त एक गोष्ट गळ्याखाली उतरली नाही. रात्रीचं त्यानं कबूल केलं होतं, डॉक्टरच्या रेघांपुढं काय बोलणार? पण काहिलीवर आपला डोळा लागत होता हे त्यानं कबूल केलं नाही. एकदा लागला आसंल, त्या दिवशी. दोन हंगाम? सळीची कहाणी सातापानं रचली, गादीसाठी रचली, आणि गड्यांनी मान डोलावली कारण उद्या त्याच्याच हाताखाली राबायचं होतं.

दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटायच्या दिवशी गणपती गेला. आपली जागा मागायला गेला. धुतलेलं कापड, नवी टोपी. अमरसिंहानं खालपासनं वरपर्यंत बघितलं.

"अण्णा, वळखलं न्हाई मी."

"डॉक्टरनं बरा केलाय. आता एक डुलकी दिसली तर कान कापून देतो. काहिलीवर बसतो म्या."

अमरसिंह मान खाजवायला लागला. "त्याचं असं हाय, अण्णा... सातापाचा हात बसलाय आता. यार्डात नाव झालंय. त्येला उठवायचं कसं? तुम्ही बसा की, गूळ खाऊन जावा."

जागा गेली ती गेलीच. गादी कोपऱ्यात चिपाडाखाली पडली होती, एका हातावर कोंबडी बसलेली.

पहिल्या आदणाची रीत अशी असती की गूळ गार व्हायला वाफ्यात ओतला की गुळव्यानं त्यातला खडा आधी देवाला ठेवायचा आणि मग जाणत्याच्या हातात द्यायचा. सातापानं देवाला ठेवला. मग दुसरा खडा घेऊन तो सगळ्या माणसांमधनं चालत गणपतीपुढं आला. दोघं आदण जळल्यापासनं बोलले नव्हते.

"बघ," सातापा म्हणाला.

सगळे बघत होते. मालक म्हणाला, "सोन्यासारखा रंग आलाय न्हवं, अण्णा?"

गणपतीनं खडा बोटात फिरवला. मोडला. जिभेला टेकवला आणि थुंकला, कारण डॉक्टरनं गोड बंद सांगितलं होतं. रंग बरा होता. पण कण बसला नव्हता, मागं किंचित कडवट चव होती. पावसाळ्यापर्यंत हा गूळ काळवंडणार. इथं कुणाला कळलं नव्हतं. गप्प बसला असता तर सातापाचं नाव यार्डात आपोआप गेलं असतं, आणि गादीवरची कोंबडी उठली असती.

"एक उकळी जास्त झाली," गणपती म्हणाला. "बुडबुडा डोळ्याएवढा झाला की वडायला सांग, वाटीएवढा हुईस्तवर थांबू नगं."

सातापाचं तोंड उतरलं. मालकाचं त्याच्यापेक्षा जास्त.

"तोंडावर सांगतुय," गणपती म्हणाला. "चार माणसांत सांगतुय, तू केलंस तसंच. पण आजच सांगतुय. दोन हंगाम सळी वाजवत बसलो न्हाय. आन् ती कहाणी तरी कशाला रचलीस? जागा पायजे हुती तर जागा मागायची."

"रचली न्हाय," सातापा म्हणाला.

"आरं जा."

तो निघाला. मालकानं हाक मारली, त्यानं मागं बघितलं नाही. चिपाडाचा ढीग ओलांडून तो बांधाच्या वाटेला लागला. दुसऱ्या आदणाचा रस काहिलीत पडत होता, आणि चुलवाणात नव्या माणसानं जाळ सारायला घेतला होता. त्यानं सळी बाहेर काढली आणि राख झाडायला दगडावर हाणली.

खण्ण!

गणपतीचं सगळं आंग ताठ झालं. मान झटक्यात वर, डोळं टक्क उघडं, उजवा हात पुढं गेलेला, पाण्याच्या भांड्याकडं, जे तिथं नव्हतं. तोंडातनं आपोआप निघालं, "जाळ वडा!"

बांधावर तो एकटाच होता. समोर नुसता ऊस.

तो बराच वेळ तसाच उभा राहिला, हात पुढं करून. आंगाला माहीत होतं. दोन हंगाम त्या आवाजानं जागं व्हायचं ते शिकलं होतं, आणि गणपतीलाच कळू न देता जपून ठेवलं होतं. सातापानं रचलं नव्हतं.

गणपतीनं हात खाली घेतला. परत गुऱ्हाळाकडं जावं असं त्याला वाटलं नाही. मागं आणखी एकदा सळी वाजली. त्यानं स्वतःच्याच आंगाला एक सणसणीत शिवी दिली आणि चालायला लागला.